भेगेवरचा खानदेश

साक्री तालुक्यात विहीर खणायला घेतली की थोड्याच हातांवर पहार अडते. वर जेमतेम माती, खाली मुरूम, मग मांजऱ्या आणि त्याखाली काळा पाषाण. तिथून पुढे सुरुंग लावल्याशिवाय काम हलत नाही. तेथून दीडशे किलोमीटर पूर्वेला, यावल-रावेरच्या शिवारात ट्यूबवेलचे यंत्र उभे केले तर वेगळेच घडते. काळी माती, पिवळी माती, वाळू, गोटे, चिकण माती, पुन्हा वाळू असे थर एकामागून एक निघत राहतात. शेकडो फूट खाली गेले तरी अखंड खडक लागत नाही. दोन्ही शिवारे खानदेशातलीच, दोन्हींचे पाणी शेवटी तापीलाच मिळणारे. तरी एका शिवारात बाजरी-मका आणि आभाळाकडे लागलेले डोळे, तर दुसऱ्यात नजर पोहोचेल तिथवर केळीच्या बागा.

यावलच्या मातीखालीही काळा पाषाण आहेच. पण तो खोल खचला आहे, आणि त्या खड्ड्यात नद्यांनी लाखो वर्षे गाळ ओतला आहे. तो का खचला, कसा खचला आणि त्यातून इथल्या माणसांच्या वाट्याला काय आले, हा खानदेशाचा सर्वांत जुना इतिहास. फारुकी सुलतान, मोगल, पेशवे आणि इंग्रज यांनी ज्या जमिनीचा सारा वसूल केला ती जमीन या घडामोडींनी तयार केली होती. आपण थाळनेर आणि लळिंगचे किल्ले मुलांना दाखवतो, ते ज्या जमिनीवर उभे आहेत तिची गोष्ट मात्र सांगत नाही, याची मला फार दिवसांची खंत आहे.

सुरुवात लाव्हापासून करून चालत नाही. लाव्हाच्याही आधी इथे एक भेग होती. मध्य भारतात शोण आणि नर्मदेच्या खोऱ्यांतून ती पश्चिमेला गुजरातच्या किनाऱ्यापर्यंत जाते. तिच्या दक्षिणेला, तिला जवळजवळ समांतर तापीचे खोरे आहे आणि दोहोंच्या मध्ये सातपुडा. आज एकसंध दिसणारा भारताचा भूखंड अतिप्राचीन काळी वेगवेगळे तुकडे जुळून बनला. त्यांतला एक मोठा सांधा याच पट्ट्यात आहे. हा सांधा पूर्ण एकजीव कधीच झाला नाही. भूखंडाला ताण बसला की तो इथे उसवतो, दाब आला की इथेच हालचाल होते. सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वी हा पट्टा इतका खचला होता की पश्चिमेचा समुद्र नर्मदेच्या खोऱ्यात आत शिरला. धार जिल्ह्यातल्या बाघजवळच्या चुनखडकांत त्या समुद्रातल्या जिवांचे अवशेष अजून सापडतात.

समुद्र हटला, नद्या-तळी आली आणि काठाने डायनासोर वावरू लागले. १८२८ साली विल्यम स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याला जबलपूरजवळ काही अश्मीभूत हाडे सापडली. ती डायनासोरची होती हे पुढे कितीतरी वर्षांनी कळले. सातपुड्यापलीकडे, नर्मदेच्या खोऱ्यात त्यांच्या अंड्यांची घरटीही मिळाली आहेत. खानदेशात त्या काळची जमीन दिसत नाही. तिच्यावर पुढे जे येऊन पडले त्याखाली ती गाडली गेली.

त्या वेळी भारत आशियाला जोडलेला नव्हता. तो विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता, चहूबाजूंनी समुद्र होता, आणि तो उत्तरेकडे सरकत होता. वर्षाला दहा-पंधरा सेंटीमीटर, कधी त्याहूनही अधिक. माणसाच्या हिशेबात हे काहीच नाही, पण भूखंडाच्या हिशेबात ही धाव आहे. या प्रवासात भारताचा पश्चिम भाग आजच्या रियुनियन बेटाच्या जागेवरून गेला. तिथे पृथ्वीच्या खोल पोटातून असामान्य तप्त खडक वर येत होता, असे बहुतेक भूवैज्ञानिक मानतात. त्या उष्णतेने भूखंडाचा तळ वितळला, वरचे कवच फुगले आणि ताणले गेले. आणि ताणलेले कवच जिथे आधीच कच्चे होते तिथे, म्हणजे नर्मदा-तापीच्या पट्ट्यात, फाटले.

ज्वालामुखी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर शंकूसारखा डोंगर आणि वर धूर येतो. दख्खनचे उद्रेक बहुतांशी तसे नव्हते. जमिनीला मैलोन् मैल लांबीच्या चिरा पडल्या आणि त्यांतून पातळ, वाहता लाव्हा बाहेर आला. तो दऱ्या भरत, टेकड्या बुडवत पसरला. एक लोट थिजायचा, मग शांतता. ही शांतता कधी कधी इतकी लांबायची की थिजलेल्या दगडाची माती व्हायची. मग पुढचा लोट त्या मातीवरून वाहत यायचा आणि ती भाजून निघायची. घाटातल्या कापलेल्या कड्यात दोन काळ्या थरांच्या मधे गेरूसारखा तांबडा पट्टा दिसतो, तो अशा विसाव्याच्या काळाचा. विहीर खणणारे त्याला चांगले ओळखतात.

हे सारे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी घडले. मुख्य उद्रेकांना सात-आठ लाख वर्षे लागली. मधल्या शांततेचे काळ वजा केले तर प्रत्यक्ष लाव्हा वाहण्याचा काळ त्याहून कितीतरी कमी भरेल. झिजून झिजून आज जे उरले आहे तेही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरांवर पसरलेले आहे, आणि पश्चिम घाटात त्याची जाडी दोन किलोमीटरांच्या घरात जाते. याच सुमारास मेक्सिकोच्या किनाऱ्यावर एक प्रचंड अशनी आदळला. डायनासोर संपले ते त्या आघाताने की दख्खनच्या वायूंनी की दोहोंनी मिळून, हा वाद तज्ज्ञांचा. आपल्यापुरते एवढे खरे की पृथ्वीवरच्या त्या मोठ्या संहाराच्या वेळी खानदेश अक्षरशः पेटलेला होता.

त्या चिरांचे पुढे काय झाले, हे पाहायचे असेल तर धुळ्याला यावे. महाराष्ट्रात दगड सगळीकडे आहे. पण लाव्हा ज्या वाटांनी वर आला त्या वाटा इतक्या संख्येने आणि इतक्या उघड्यावर इथेच पाहायला मिळतात. चिरेतला लाव्हा सगळाच बाहेर पडत नाही. शेवटचा आतच थिजतो आणि दगडाची उभी भिंत तयार होते. भूविज्ञानात तिला डाईक म्हणतात. आजूबाजूचा मऊ दगड झिजून गेला की ही कठीण भिंत उघडी पडते. साक्री, धुळे, शिंदखेडा, नंदुरबार या भागात शेतांमधून, माळावरून, ओढ्याच्या पात्रातून सरळ रेषेत जाणारे काळ्या दगडाचे लांबच लांब कणे दिसतात, ते हेच. परक्याला वाटावे कुणी राजाने तटबंदी बांधायला घेतली आणि अर्धवट सोडली.

एखाद्या जाड भिंतीपाशी जाऊन उभे राहावे आणि तिचा कापलेला भाग नीट पाहावा. दगड अखंड नसतो. त्याचे पाच-सहा बाजूंचे खांब झालेले असतात. मात्र हे खांब उभे नसून आडवे असतात, रचून ठेवलेल्या लाकडांसारखे एकावर एक. चिरेतला लाव्हा दोन्ही बाजूंच्या थंड दगडाला लागून निवू लागतो, आकसतो आणि तडकतो. तडे निवणाऱ्या बाजूकडून आत जातात, म्हणून खांब आडवे. भिंतीच्या कडेचा दगड काचेसारखा बारीक दाण्याचा, कारण तो झटकन थिजला. मधला दगड भरड, कारण त्याला निवायला वेळ मिळाला. हातात नुसते भिंग असले तरी हा फरक कळतो.

१९४९ साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या जे. बी. ऑडन यांनी पश्चिम भारतातल्या या भिंतींवर सविस्तर लिहिले. मुंबई आयआयटीतले हेतू शेठ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नंदुरबार-धुळे परिसरातल्या दोनशेहून अधिक डाईकची मापे घेऊन २००७ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. काही भिंती दोन-चार मीटर रुंद, काही साठ मीटरपर्यंत. साक्रीजवळून निघून धुळ्यावरून पारोळ्याकडे गेलेली एक भिंत तर ७९ किलोमीटर लांब आहे. महत्त्वाची गोष्ट त्यांच्या दिशेची. बहुतेक साऱ्या पूर्व-पश्चिम आहेत. जमीन उत्तर-दक्षिण ताणली गेली की चीर पूर्व-पश्चिम पडते. म्हणजे जुन्या भेगेची जी दिशा, तापीची जी दिशा, तीच या भिंतींची. यांतल्या काही भिंतींनी लाव्हाच्या थरांना वाट दिली. काही मात्र थर साचून झाल्यानंतर त्यांनाच छेदून वर आल्या. कोणती कोणत्या थराची, ही जुळवणी दगडाच्या रसायनावरून चाललेली आहे.

लाव्हा थांबला तेव्हा खानदेश नावाचे खोरे अजून नव्हते. होते ते काळ्या दगडाचे पठार, अजिंठ्यापासून थेट माळव्यापर्यंत. खोरे झाले ते नंतर. हे एका रात्रीत घडलेले नाही. कोट्यवधी वर्षे, थोडे थोडे, भूकंपामागून भूकंप होत जुन्या भेगेच्या कडेने जमीन सरकली. मधला सातपुडा उंच राहिला, आणि त्याच्या दक्षिणेची पट्टी खाली खचली. पुरावा डोळ्यांनी दिसतो. दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याच्या रांगेत लाव्हाचे थर जवळजवळ आडवे आहेत, म्हणून ते डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे आणि सपाट माथ्याचे. सातपुड्याच्या पश्चिम भागात मात्र थर ठिकठिकाणी कललेले आहेत, आणि यावल-चोपड्याकडून पाहिले तर डोंगर मैदानातून एकदम उठतो. चढाला सुरुवात कुठे होते हे बोट ठेवून दाखवता येते.

याने नद्यांचे भवितव्य ठरले. गोदावरी, भीमा, कृष्णा या साऱ्या पूर्वेला जातात, कारण दख्खनचे पठारच पूर्वेकडे कलले आहे. तापी मात्र नर्मदेसारखीच उलटी, पश्चिमेला, कारण तिला खचलेल्या पट्टीची आयती वाट मिळाली. गिरणेचा प्रवास तर पाहण्यासारखा आहे. ती कळवणच्या बाजूला सह्याद्रीत उगम पावते. अरबी समुद्र तिथून पश्चिमेला शंभर किलोमीटरच्या आसपास. पण पठाराच्या उताराप्रमाणे ती समुद्राकडे पाठ करून पूर्वेला निघते, मालेगाव, भडगाव करत जळगावजवळून उत्तरेला वळते, तापीत मिसळते, आणि मग तेच पाणी पुन्हा सारा खानदेश ओलांडून सुरतेला समुद्रात जाते. पांझरा, बोरी यांचीही कमी-अधिक हीच कथा. आणि तापीचे पात्र खोऱ्याच्या मध्यावर नसून सातपुड्याच्या बाजूला सरकलेले आहे. म्हणून दक्षिणेच्या उपनद्या लांब, तर सुकी, मोर, अनेर या उत्तरेच्या नद्या आखूड आणि वेगवान.

या आखूड नद्यांनीच पुढचे मोठे काम केले. खचलेल्या पट्टीत त्या सातपुड्याचा दगड आणून टाकू लागल्या. डोंगरातून मैदानात उतरताच पाण्याचा वेग मोडतो. मोठे धोंडे-गोटे पायथ्याशीच पडतात, वाळू थोडी पुढे जाते, आणि चिकण माती तापीच्या काठापर्यंत. पायथ्याच्या त्या गोट्यांच्या पट्ट्याला आज बझाडा म्हणतात. पावसाळ्यात डोंगरातून खळाळत आलेला नाला या पट्ट्यात आला की बघता बघता आटतो. पाणी वाया गेले असे वाटते, पण ते गोट्यांमधून खाली उतरून मैदानाखालच्या वाळूच्या थरांत जाते. केळीच्या बागांचे पाणी ते हे. वर पूर्णेच्या खोऱ्यातही असाच गाळ साचला, मात्र तिथे बुलढाणा-अकोल्याकडे भूजल खारे निघाले. एकाच प्रकारच्या खचण्यातून शेजारच्या दोन मुलखांना इतके वेगळे दान मिळाले.

गाळ साचत असतानाच माणूस आला. चाळीसगावजवळच्या पाटणे येथे पुरातत्त्वज्ञ शां. अ. साळी यांनी उत्खनन केले तेव्हा सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीचे, शहामृगाच्या अंड्याच्या कवचापासून बनवलेले मणी आणि नक्षी कोरलेले कवचाचे तुकडेही मिळाले. शहामृग म्हणजे कोरडे, उघडे माळरान. त्या वेळचा खानदेश आजच्याहून रुक्ष होता. नंतर पाऊसमान बदलले, आणि तापीने स्वतःच टाकलेला गाळ खोल कापायला सुरुवात केली. म्हणून आज तिचे काठ ठिकठिकाणी पन्नास-साठ फुटांचे आहेत, आणि काठाची जमीन घळींनी चिरफाळली आहे. चार-साडेचार हजार वर्षांपूर्वी सावळदा, प्रकाशे, बहाळ, कवठे इथे शेती करणारी गावे वसली. काळी कसदार जमीन आणि बारमाही नदी, एवढ्यावर ती तगली.

पण उंच काठाची नदी शेतकऱ्याच्या फारशी उपयोगी नाही. तापी डोळ्यांसमोरून वाहायची आणि तिचे पाणी साठ फूट वर आणण्याचे साधन कुणाजवळ नव्हते. बांध घालावा तर खाली पाया धरायला खडक नाही, सगळी माती. याच्या नेमके उलट पांझरेवर. तिथे पात्रात कठीण दगड उघडा आहे, काठ ठेंगणे आहेत आणि उतार भरपूर. पिंपळनेरपासून खाली पांझरा, कान आणि पलीकडे मोसम, आरम या नद्यांवर लोकांनी दगडी बंधारे बांधले, पाट काढले आणि तीन-चारशे वर्षे टिकलेली फड पद्धत उभी केली. गावाच्या बागायती जमिनीचे तीन-चार फड पाडायचे. एका फडात सगळ्यांनी ऊस, दुसऱ्यात हंगामी पीक, असे पाळीपाळीने. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागले, आणि हिशेब गावाच्या पंचांकडे. ज्या खडकाने साक्रीच्या विहिरी अवघड केल्या त्यानेच हे बंधारे शक्य केले. विजेचा पंप येईपर्यंत पाटाच्या पाण्याचे वैभव खडकाळ पांझरेकाठी होते, यावल-रावेरच्या मैदानात नव्हते. हे आज ऐकून खोटे वाटेल.

खडकाचा दुसरा गुणही पांझरेकाठच्या लोकांनी भोगला. दगडात पाणी मुरत नाही, ते धावते. सप्टेंबर १८७२ मध्ये पांझरा आणि गिरणेला आलेल्या महापुराने धुळ्याची आणि काठच्या गावांची मोठी हानी केली.

इंग्रजांनी १८१८ मध्ये खानदेश घेतला. त्यांचे पहिले लक्ष काळ्या जमिनीवर होते. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चालले, तिकडचा कापूस थांबला आणि खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच दशकात आगगाडी भुसावळला पोचली. आणि त्याच दशकात विल्यम थॉमस ब्लॅनफर्ड नावाचा भूवैज्ञानिक हे खोरे पायाखाली घालत होता. भूवैज्ञानिक सर्वेक्षण खाते १८५१ साली सुरू झाले होते, आणि ब्लॅनफर्ड त्याच्या पहिल्या पिढीतला. तापी आणि नर्मदेच्या खालच्या खोऱ्यांवरचा त्याचा प्रबंध १८६९ मध्ये प्रसिद्ध झाला. हातात ना विमानातून घेतलेली छायाचित्रे, ना वय मोजण्याची यंत्रे. हातोडा, होकायंत्र आणि पाहण्याची सवय एवढीच सामग्री. तरी लाव्हाचे थर, त्यांचा कल, भिंतींची गर्दी आणि गाळाच्या मैदानांची ठेवण त्याने इतकी काटेकोर नोंदवली की त्याचा प्रबंध आजही संदर्भासाठी उघडला जातो. ही मैदाने खडकाच्या खोलगट भागात साचली आहेत आणि नुसत्या नदीच्या झिजेने असा खोलगट भाग होत नाही, हे त्या पिढीच्या ध्यानात आले होते. जमीन स्वतः खचली असणार, हा विचार तिथून सुरू झाला. नर्मदा-शोणची रेषा भारताच्या कवचातली फार जुनी सीमा आहे, हे डब्ल्यू. डी. वेस्ट यांनी १९६२ साली स्पष्ट मांडले. ब्लॅनफर्डबरोबर वाट दाखवायला, खांब-साखळी धरायला जी स्थानिक माणसे फिरली असतील त्यांची नावे मात्र कुठे नाहीत.

भेग जिवंत आहे याची आठवण तिने स्वतःच अधूनमधून करून दिली. १४ मार्च १९३८ रोजी सातपुड्यात, खानदेशच्या उत्तर सीमेजवळ सहाहून अधिक तीव्रतेचा भूकंप झाला. त्याचे केंद्र जमिनीत खूप खोल, सुमारे चाळीस किलोमीटर होते, म्हणून धक्के दूरदूर जाणवले पण त्या मानाने पडझड थोडी झाली. १९७० मध्ये भडोच आणि १९९७ मध्ये जबलपूर हादरले, तेही याच लांबलचक पट्ट्यावर. चोपडा तालुक्यात अडावदजवळ उनपदेव आहे. गोमुखातून बारा महिने कढत पाणी वाहते. शरभंग ऋषींची व्याधी बरी व्हावी म्हणून रामाने बाण मारून हे पाणी काढले, अशी तिथली श्रद्धा. पौषात तिथे गर्दी लोटते. जवळच सुनपदेव, नाझरदेव, आणि शहाद्याकडेही असेच झरे. ते सगळे सातपुड्याच्या पायथ्याला, भेगेच्या ओळीत आहेत. इथे खाली ज्वालामुखी नाही. पावसाचे पाणी भेगांतून फार खोल उतरते, तिथल्या नैसर्गिक उष्णतेने तापते आणि दुसऱ्या भेगेने वर येते. बाण मारून जमीन फोडल्याची कथा रचणाऱ्याने झऱ्याचा संबंध फुटलेल्या जमिनीशी जोडला होता, याचे मला नेहमी कौतुक वाटते.

स्वातंत्र्यानंतर गावोगाव वीज आली आणि पांझरेचा व मैदानाचा जुना हिशेब उलटला. विजेच्या पंपाने आणि पुढे ट्यूबवेलने वाळूच्या थरांतले पाणी हाताला लागले. रावेर, यावल, चोपडा केळीने भरले. ठिबक आले, ऊतिसंवर्धित रोपे आली, मृगबाग आणि कांदेबाग असे दोन हंगाम बसले, आणि जळगाव हा महाराष्ट्रातला केळीचा सर्वांत मोठा जिल्हा झाला. २०१६ मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकनही मिळाले. यात शेतकऱ्याचे कष्ट आणि हुशारी आहेच. पण त्या हुशारीला हात घालायला खाली जे भांडार होते ते खचलेल्या जमिनीने आणि सातपुड्याच्या गोट्यांनी भरून ठेवलेले होते. धुळे-साक्रीत एखाद्या डाईकच्या वरच्या अंगाला विहीर घेतली तर पाणी टिकते, कारण भिंत जमिनीखालून बांधाचे काम करते. खालच्या अंगाला तीच विहीर कोरडी निघू शकते. मैदानात असा अडसर नाही, म्हणून ज्याच्याकडे यंत्र त्याला पाणी, आणि शेजाऱ्याचे खोल गेले की आपलेही खोल न्यायचे.

परिणाम सर्वांना ठाऊक आहे. यावल आणि रावेर तालुके भूजलाच्या सरकारी पाहणीत अतिशोषित म्हणून नोंदले गेले. वडिलांच्या विहिरी कोरड्या पडल्या, मुलांनी ट्यूबवेल घेतल्या, नातवांना त्या आणखी खाली न्याव्या लागत आहेत. यावर उपाय म्हणून तापी महापुनर्भरण योजना पुढे आली. मध्य प्रदेशात तापीवर खारिया-गुटीघाटला बंधारा घालायचा, कालव्यांनी पुराचे पाणी सातपुड्याच्या पायथ्याने न्यायचे आणि बझाडा पट्ट्यात मुरवायचे. १० मे २०२५ रोजी भोपाळला दोन्ही राज्यांच्या मुख्यमंत्र्यांनी या योजनेच्या करारावर सह्या केल्या. ३१.१३ टीएमसी पाण्याचा हा बेत आहे. भूविज्ञानाच्या दृष्टीने कल्पना बरोबर आहे. पाणी मुरवायची नैसर्गिक जागा तीच.

योजना होईल तेव्हा होईल. तोवर दोन कामे थांबता कामा नयेत, आणि ती आपल्या हातातली आहेत. बझाड्यातल्या नाल्यांमधले गोटे आणि वाळू उपसणे बंद झाले पाहिजे, कारण पाणी तिथूनच खाली जाते. आणि पायथ्याच्या प्रत्येक गावाने पावसाळ्यात जेवढे मुरते तेवढेच उपसायचे, हा ठराव ग्रामसभेत करून पाळला पाहिजे. पांझरेकाठच्या गावांनी पाण्याची पाळी काही शतके पाळून दाखवली आहे, तेव्हा हे अशक्य म्हणता येणार नाही. धुळेकरांना वेगळी विनंती आहे. डाईकचा दगड खडीसाठी उत्तम, म्हणून या भिंती फोडल्या जात आहेत. लोणारचे विवर राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक झाले, तसा साक्री-धुळे-पारोळा भिंतीचा निदान एक सलग तुकडा तरी संरक्षित व्हावा, यासाठी जिल्हा परिषदेने, महाविद्यालयांनी आणि नागरिकांनी आताच मागणी करावी.